बालकांचे मनःस्वास्थ्य व वस्तीतील सेवा

१. प्रास्ताविक

मुलाला ताप आला तर कपाळाला हात लावताच कळतो. दात दुखत असेल तर ते गाल धरून बसते. पायात काटा मोडला तर लंगडते. मनाला झालेली इजा मात्र मूल बोलून दाखवीत नाही, कारण ती सांगण्याजोगे शब्द त्याच्यापाशी नसतात. ते ती वागणुकीतून सांगते. कोणी वर्गात अकारण मारामारी करते, कोणी आठ-आठ दिवस शाळेकडे फिरकत नाही, कोणी नुसते खिडकीबाहेर पाहत बसते. मोठी माणसे ही भाषा वाचण्याऐवजी तिला नाव देऊन मोकळी होतात. ‘खोडकर’, ‘घुमा’, ‘मठ्ठ’, ‘रडवी’ ही ती नावे. एकदा नाव पडले की पुढे कोणी विचारपूस करीत नाही, आणि मूलही हळूहळू त्या नावाप्रमाणे वागू लागते.

अशी मुले थोडी नाहीत. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. तीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी शेकडा ७.३ जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. ज्यांची अवस्था विकारापर्यंत पोहोचलेली नाही, पण ज्यांचे मन दुखावलेले आहे, अशी मुले याहून निराळी. तज्ज्ञांची संख्या मात्र फार अपुरी आहे आणि ते बहुधा शहरांतच असतात. तेव्हा या मुलांची काळजी कोणी, कोठे आणि कशी घ्यावी, हा प्रश्न खेड्यातील प्राथमिक शिक्षकापर्यंत येऊन ठेपतो. प्रस्तुत पाठात त्याचाच विचार केला आहे.

२. एक उदाहरण

विषय नीट समजावा म्हणून एक कल्पित, पण कोणत्याही शाळेत आढळू शकेल असे उदाहरण घेऊ.

सातारा जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत जूनमध्ये चौथीच्या वर्गात एक मुलगी नव्याने दाखल झाली. तिचे वडील मुंबईस लालबाग भागात पहारेकऱ्याची नोकरी करतात. ज्या जुन्या चाळीत हे कुटुंब राहत होते ती पाडून नवी इमारत उभारावयाची म्हणून रिकामी करण्यात आली. वडील मित्रांबरोबर एका खोलीत राहिले आणि आईने धाकट्या मुलाला घेऊन आपल्या माहेरचा आसरा घेतला. मुलीला गावी आजीपाशी ठेवले. दाखल्यावरील शेरे चांगले होते. येथे मात्र मुलगी वाचावयास उठत नसे. मध्यान्हाच्या सुट्टीपूर्वी तिचे डोके रोज दुखू लागे. जेवणाच्या पंगतीत ताट पुढे घेऊन ती तशीच बसून राही. पहिल्या महिन्यात बाईंनी समजूत घातली, दुसऱ्या महिन्यात रागावून पाहिले. ऑगस्टअखेर प्रगतिपत्रकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा पडला.

हा शेरा खोटा नव्हता. तो अपुरा होता. लक्ष येथे नाही हे खरे. मग ते कोठे आहे, हे पाहणे शिल्लक होते. या मुलीकडे आपण पाठाच्या शेवटी परत येऊ. तिचे लक्ष जेथे राहिले होते त्या गिरणगावाची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे.

३. गिरणगावाचे मूल व गावचे मूल

परळ, लालबाग, लोअर परळ, शिवडी, नायगाव, वरळी हा मुंबईचा भाग कापडगिरण्यांमुळे गिरणगाव म्हणून ओळखला गेला. गिरण्यांत काम करणारी माणसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या बाजूंनी आली. त्यांचा एक पाय मुंबईत व दुसरा गावात असे. कर्ता पुरुष मुंबईस आणि बायको-मुले गावी, किंवा मुले काही वर्षे चाळीत व काही वर्षे आजीपाशी, अशी रीत घरोघर होती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर एकेक करून गिरण्या बंद पडत गेल्या. पुष्कळ कुटुंबे गावी परतली आणि मुलांच्या शाळा मध्येच सुटल्या. घरात पैसा नाही, बाप दिवसभर घरी बसून आहे, आई दुसऱ्यांच्या घरी कामास जाते, हे पाहत एक पिढी वाढली. त्या मुलांच्या मनांचा हिशेब कोणी मांडला नाही. आता गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत आणि जुन्या चाळींची पुनर्बांधणी चालली आहे. स्थलांतर मात्र अजून संपलेले नाही.

म्हणून खेड्यातील शिक्षकाने मुंबईच्या या भागाकडे परके म्हणून पाहू नये. आपल्या हजेरीपटावरील कित्येक मुले त्या चाळींशी नात्याने बांधलेली असतात. याखेरीज दुसरेही कारण आहे. मुलांच्या मनाची शास्त्रीय काळजी घेण्याचा आपल्या देशातील पहिला संस्थात्मक प्रयत्न याच परिसरात झाला.

४. पहिले बालमार्गदर्शन केंद्र

१९०९ साली अमेरिकेतील शिकागो शहरात डॉ. विल्यम हीली यांनी बालन्यायालयात येणाऱ्या मुलांचा अभ्यास करण्यासाठी एक संस्था चालविण्यास घेतली. चोरी करणारे किंवा घरातून पळणारे मूल जन्मतःच दुष्ट असते, हा समज त्यांनी बाजूस ठेवला. प्रत्येक मुलाचे शरीर, बुद्धी, घर आणि सोबती यांची स्वतंत्र तपासणी त्यांनी सुरू केली. या कामातून पुढे बालमार्गदर्शन केंद्राची पद्धत तयार झाली. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ता अशा तिघांनी मिळून एका मुलाचा विचार करावयाचा, ही त्या पद्धतीची खूण होय.

मुंबईत भायखळ्यानजीकच्या नागपाडा वस्तीत डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ड्ट हे समाजकार्य करीत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली तेथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले. हेच विद्यालय १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. या विद्यालयाने १९३७ साली बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातील ते पहिले केंद्र मानले जाते. पुढे हे कार्य परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयाशी निगडित झाले. हे बालरुग्णालय १९२९ साली सुरू झालेले होते.

या पद्धतीतून शिक्षकाने घ्यावयाचा पहिला धडा तिसऱ्या माणसाविषयी, म्हणजे समाजकार्यकर्त्याविषयी आहे. त्याचे काम केंद्राच्या भिंतीबाहेरचे असते. तो मुलाच्या घरी जातो. घरात किती माणसे झोपतात, अभ्यासास जागा कोठे आहे, बाप कोणत्या पाळीला जातो, आई आजारी आहे काय, शाळेतून घरी येताना मूल कोणत्या वाटेने येते, हे तो पाहतो. एक उदाहरण घेऊ. सरकारने बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असे. तेवढ्या जागेत पाच-सात माणसे राहत असता एखाद्या मुलाला पहाटे झोप येत असेल आणि वर्गात पेंग येत असेल, तर तो आळस म्हणावयाचा की रात्रपाळीहून आलेल्या बापाला जागा देण्यासाठी केलेला त्याग म्हणावयाचा? तपासणीच्या खोलीत बसून याचे उत्तर मिळत नाही. ते घराच्या उंबरठ्यावर मिळते.

५. केंद्र व घर यांतील अंतर

परळच्या एका लहानशा परिसरात के. ई. एम. रुग्णालय (१९२६), वाडिया बालरुग्णालय (१९२९) व टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) अशी मोठी रुग्णालये उभी आहेत. लालबागच्या चाळीतून तेथे पायी जाता येते. एवढ्या जवळ सोय असताना मानसिक दुःखाने ग्रासलेले प्रत्येक मूल तेथे पोहोचले असेल, असे कोणास वाटेल. पण अंतर केवळ पावलांनी मोजावयाचे नसते.

पहिले अंतर रोजगाराचे आहे. मानसिक उपचार एका भेटीत होत नाहीत. दर आठवड्यास अर्धा दिवस रजा घेणे हातावर पोट असलेल्या आईला परवडत नाही. दुसरे अंतर लोकलज्जेचे आहे. ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे नेले’ असे एकदा पसरले की मुलीच्या लग्नापर्यंत ते बोलणे पाठ सोडणार नाही, ही भीती घरात असते. तिसरे अंतर भाषेचे आहे. आई ‘पोर धसका घेतलंय’ म्हणते. डॉक्टर कागदावर निराळाच शब्द लिहितो. दोघे एकाच मुलाविषयी बोलत आहेत हे दोघांनाही उमगत नाही. चौथे अंतर समजुतीचे आहे. हे दुखणे दवाखान्याचे आहे, असेच पुष्कळांना वाटत नाही. ते दृष्ट काढतात, नवस बोलतात, देवऋष्याकडे जातात.

परळच्या चाळीत ही चार अंतरे उभी राहत असतील, तर जेथून जिल्हा रुग्णालयास जावयाचे म्हणजे दोन वाहने बदलावी लागतात त्या वाडीत ती किती वाढत असतील, हे सांगावयास नको. यावर उपाय एकच. मुलाने सेवेकडे जावे अशी वाट न पाहता सेवेने मुलाकडे यावे.

६. अंगणात आलेली सेवा

हा विचार प्राथमिक शिक्षकाला नवा वाटू नये, कारण शिक्षणाच्या क्षेत्रात तो महाराष्ट्रातच आचरला गेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९३६ साली दादर येथे शिशुविहार सुरू केला. पुढे १९४५ मध्ये त्या डहाणूजवळील बोर्डी गावी गेल्या आणि अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीवरील गरीब मुले बालवाडीत येत नाहीत, असे तेथे दिसून आले. मुलांना दोष न देता त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर रूढ आहे. त्याचे मूळ या प्रयोगात आहे. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम पुढे चालले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली.

मनाच्या सेवेतही हीच वाट आता धरली जात आहे. २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी मुंबईत ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र स्थापन केले. लोअर परळ भागात, चिंचपोकळी स्थानकाजवळ, गिरणगावातच त्याचे काम चालत आले आहे. वाढीत मागे पडलेल्या किंवा अपंगत्व असलेल्या मुलांची तपासणी व उपचार तेथे होतात. याशिवाय वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना शिकवून तयार करणे हेही या केंद्राचे एक महत्त्वाचे काम आहे. केंद्रात येऊ शकणारी मुले मोजकीच असतात. शिकविलेला कार्यकर्ता आपल्या वस्तीतील कितीतरी मुलांपर्यंत पोहोचतो, हा त्यामागील हिशेब होय.

गोव्यात १९९६ पासून ‘संगाथ’ ही संस्था काम करीत आहे. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना नेमके शिक्षण व नियमित देखरेख मिळाली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या प्रौढांचे नैराश्य व चिंता यांवर त्या उपयुक्त साहाय्य करू शकतात, हे तेथील अभ्यासातून २०१० साली प्रसिद्ध झाले. मुलांसाठी व शाळांसाठीही अशा रीतीने काम करण्याचे प्रयत्न झाले आहेत. यात ‘देखरेख’ हा शब्द विसरता कामा नये. कार्यकर्त्याच्या पाठीशी जाणता तज्ज्ञ उभा असतो आणि अवघड प्रसंग त्याच्याकडे सोपविला जातो. शिकविल्यावाचून व पाठबळावाचून केलेली मध्यस्थी मुलाचे नुकसानही करू शकते.

संकटातील मुलांसाठी असलेली १०९८ ही दूरध्वनी सेवा देखील मुंबईतच, १९९६ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून सुरू झाली. रस्त्यावरील मुलालाही पैसे न देता फिरविता यावा असा तो क्रमांक आज शासनाच्या यंत्रणेमार्फत देशभर चालतो.

७. वस्ती: आधार आणि अडसर

वस्ती म्हणजे केवळ घरांची रांग नव्हे. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला आहे. अशा चाळींतून मुले उत्सवात नाटकात काम करतात, आरतीला टाळ धरतात, मोठ्यांच्या बरोबरीने वर्गणीचा हिशेब लिहितात. चाळीच्या गॅलरीत एका घराचे मूल दुसऱ्या घरी जेवते. आई कामाला गेली तरी मूल एकटे नसते. सात-आठ जोड्या डोळ्यांचे त्याच्यावर लक्ष असते. खेड्यातील वाडीत, भावकीत, भजनी मंडळात हाच आधार असतो. रागावलेल्या बापाकडून मूल काढून घेणारी शेजारीण, परीक्षेत नापास झालेल्या मुलाला शेतावर सोबत नेणारा आजा, ही माणसे मनाचे पहिले उपचारक आहेत. त्यांना ते नाव कोणी दिलेले नाही, एवढेच.

पण वस्तीला दुसरी बाजूही आहे. जेथे सर्वांना सर्व दिसते तेथे झाकून काहीच राहत नाही. मुलाने अंथरूण ओले केले ही गोष्ट सकाळी नळावर पोहोचते. बापाचे दारूचे व्यसन, आईवडिलांचे भांडण यांवरून मुलाला शाळेच्या वाटेवर चिडविले जाते. मुलाला त्रास देणारी व्यक्ती कधी कधी घरातली किंवा शेजारातलीच असते आणि सगळे जाणून गप्प बसतात. म्हणून वस्तीत सेवा देणाऱ्याने वस्तीचे प्रेम उपयोगात आणावे, आणि वस्तीच्या जिभेपासून मुलाला जपावे. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चघळली गेली, तर ते मूल पुन्हा कोणापाशी बोलणार नाही.

८. शिक्षकाने करावयाचे काम

शिक्षक हा डॉक्टर नव्हे, आणि त्याने तसे होऊ पाहू नये. रोगाचे नाव ठरविणे हे त्याचे काम नाही. पण वर्षातील दोनशेहून अधिक दिवस मुलाला तो जवळून पाहतो. असे पाहणारा घराबाहेरचा दुसरा जाणता माणूस बहुधा नसतो. त्याचे काम पुढील पाच पायऱ्यांनी समजून घ्यावे.

(अ) पाहणे. एखादा दिवस मूल चिडले किंवा रडले, तर त्यात विशेष नाही. तीन गोष्टी पाहाव्यात. वागण्यात पूर्वीपेक्षा स्पष्ट बदल झाला आहे काय? तो बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे काय? त्यामुळे मुलाचे शिकणे, खेळणे, जेवणे, झोपणे किंवा मैत्री यांत अडथळा येत आहे काय? तिन्ही उत्तरे ‘होय’ असतील तर पुढे जावे. दंगा करणारे मूल सर्वांच्या नजरेत भरते. गप्प बसणारे मूल, विशेषतः मुलगी, ‘शहाणी’ म्हणून सुटून जाते. तिच्याकडे मुद्दाम पाहावे.

(आ) शरीराची तपासणी करविणे. ऐकू कमी येणे, डोळ्यांनी नीट न दिसणे, रक्त कमी असणे, उपाशीपोटी शाळेत येणे, फीट येणे, या कारणांनीही मूल मंद किंवा बेफिकीर भासते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक तपासणीस शाळेत येते. त्या दिवशी केवळ उंची व वजन मांडून न थांबता, अशा मुलांची नावे शिक्षकाने पथकास आधीच काढून द्यावीत.

(इ) नोंद करणे. स्वतंत्र वहीत तारीख घालून जे दिसले ते लिहावे. मत लिहू नये. ‘आळशी आहे’ असे न लिहिता ‘सोमवार ते गुरुवार चारही दिवस दुपारी डोके दुखल्याचे सांगितले, जेवला नाही’ असे लिहावे. ही वही कपाटात कुलपात असावी. पुढे डॉक्टरकडे पाठविताना अशी नोंद फार मोलाची ठरते.

(ई) बोलणे व ऐकणे. वर्गासमोर कधीही विचारू नये. झाडांना पाणी घालताना, वाचनालयाची पुस्तके लावताना, हाताला काम असताना मूल मोकळे बोलते. ‘तुला काय झालंय?’ असे विचारले की मूल ‘काही नाही’ म्हणते. ‘हल्ली तू सुट्टीत एकटा बसतोस असं दिसतं’ एवढे म्हणून थांबावे. उत्तर त्याच दिवशी आले पाहिजे असे नाही. जे सांगेल ते न रागावता, न हसता, उपदेश न करता ऐकावे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये. कारण मुलाच्या रक्षणासाठी काही गोष्टी योग्य त्या माणसास सांगाव्याच लागतात. ‘तुझ्या मदतीला लागेल तेवढंच सांगेन आणि आधी तुला विचारेन’ हे म्हणणे खरे व पुरेसे आहे.

(उ) घर व सेवा यांची गाठ घालून देणे. पालकाला शाळेत बोलावून मुलाची तक्रार सांगण्यापेक्षा घरी जाऊन मुलाची एक चांगली गोष्ट प्रथम सांगावी. आईच्या भाषेत बोलावे. ती ‘धसका’ म्हणत असेल तर धसकाच म्हणावे. कुटुंब देवऋष्याकडे जात असेल तर त्याची टवाळी करू नये. ‘तिकडची श्रद्धा ठेवा, पण दवाखान्यातही दाखवू’ असे सुचवावे. मुलाला चटके देणे, कोंडणे, उपाशी ठेवणे असे काही होत असेल तर मात्र ते तत्काळ थांबविले पाहिजे. अशा अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. त्यानंतर आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग अशी साखळी जोडून द्यावी. ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू असून त्यावर रात्रंदिवस, मराठीतही सल्ला मिळतो. पालकाला तो क्रमांक कागदावर लिहून द्यावा व प्रथम स्वतः शेजारी बसून लावून द्यावा.

यात एक गोष्ट अध्याहृत आहे. छडी, उठाबशा, वर्गाबाहेर उभे करणे, नावे ठेवणे यांनी मन बरे होत नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या अधिनियमाने (कलम १७) शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. ज्या वर्गात मूल घाबरून बसते त्या वर्गात वरील पाचांपैकी एकही पायरी चढता येत नाही.

९. तातडीचे प्रसंग

दोन प्रसंगी दोन आठवडे वाट पाहावयाची नसते.

पहिला प्रसंग, मूल जीव नकोसा झाल्याचे बोलते, लिहिते किंवा स्वतःला इजा करते. ‘लक्ष वेधण्यासाठी करतो’ असे म्हणून ते कधीही टाळू नये. शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने रुजत नाही, उलट ओझे हलके होते. त्या क्षणापासून मुलाला एकटे सोडू नये. पालकांना बोलावून घ्यावे, घरातील शेतीची औषधे कुलपात ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

दुसरा प्रसंग, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळते किंवा तशी रास्त शंका येते. २०१२ च्या पोक्सो अधिनियमानुसार (कलम १९) ही माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शिक्षकाने स्वतः चौकशी करीत बसू नये, आरोपीशी बोलू नये, गावकीत मिटवू देऊ नये. मुलाला पुन्हा पुन्हा तीच हकीकत सांगावयास लावू नये. ‘तू सांगितलंस हे फार चांगलं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढे वाक्य त्याला त्या वेळी सर्वांत अधिक हवे असते. साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहेच.

१०. उपसंहार

आता त्या चौथीतील मुलीकडे वळू. बाईंनी सप्टेंबरपासून वही ठेवली. डोके दुखणे दुपारच्या सुमारासच होते, रविवारी नसते, हे तीत दिसून आले. वैद्यकीय पथक आले तेव्हा तिचे डोळे तपासून घेतले; फळ्यावरील अक्षर तिला अस्पष्ट दिसत होते आणि चष्मा लागला. दुखणे निम्मे कमी झाले. सर्व दोष मनाचाच मानला असता तर हे कारण राहून गेले असते.

उरलेल्या निम्म्यासाठी बाई घरी गेल्या. आजी म्हणाली, “तिकडं दाराम्होरं सतरा घरं होती, बाई, हितं सांजच्याला आमी दोघीच.” आई कामावर असताना दुपारी शेजारच्या खोलीतील मावशी या मुलीला जेवू घाली, हेही तिच्याकडूनच कळले. चाळ रिकामी झाली तेव्हा मावशीही कोठे दूर राहावयास गेली. मुलीची आई दूर होती, बाप दूर होता. पण जेवणाच्या वेळी पुढे येऊन बसणारी ती सतरावी खोली तिला सर्वांत अधिक आठवत होती. ते कोणी विचारले नव्हते आणि तिला सांगता आले नव्हते.

उपाय साधेच होते. पोषण आहार शिजविणाऱ्या बाईंना सांगितले, तेव्हा त्या वाढून झाल्यावर पाच मिनिटे तिच्याजवळ बसू लागल्या. वाडीतील एका मुलीबरोबर तिचे येणे-जाणे जोडून दिले. वडिलांनी दर बुधवारी व रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळी फोन करावा, असे ठरले. आणि मावशीचा क्रमांकही त्यांनी शोधून दिला. दिवाळीनंतर मुलगी वाचावयास उठू लागली. काही दिवस अजूनही तिचे ताट तसेच राहते, हे वहीत लिहिलेले आहे. आजी थकत चालली आहे, आईचे येणे लांबते आहे, हेही लिहिलेले आहे. म्हणून बाईंनी आशा कार्यकर्तीला घरावर लक्ष ठेवण्यास सांगितले आहे व पुन्हा बिघडले तर जिल्हा रुग्णालयात न्यावयाचे हे आजीशी बोलून ठेवले आहे.

नागपाड्यात १९३७ साली एका मुलाभोवती तीन माणसे बसू लागली. खेड्यात ती तीन पदे भरलेली नसतील. तरी शिक्षिका, आजी, स्वयंपाकाच्या बाई, आशा कार्यकर्ती आणि दूरध्वनीवरचा बाप अशी पाच माणसे या मुलीभोवती बसली. पहिला शेरा ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा होता. तो खोडून बाईंनी तेथे काय लिहावे, हे प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील एका मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ठरवावे.

चर्चेसाठी प्रश्न

(केंद्रातील मासिक शिक्षण परिषदेत यांवर विचारविनिमय करावा. मुलांची नावे घेऊ नयेत.)

१. आपल्या वर्गात या वर्षी स्थलांतर करून आलेली वा पालकांपासून दूर राहणारी मुले किती? त्यांपैकी प्रत्येकाचे मागे काय राहिले, हे आपणांस ठाऊक आहे काय?
२. मागील प्रगतिपत्रकावरील कोणतेही तीन शेरे घ्या. त्यांतील मत वगळून केवळ जे दिसले ते लिहा.
३. आपल्या गावात मुलांच्या मनाला आधार देणाऱ्या व्यक्ती कोणत्या? शाळेने त्यांच्याशी संबंध कसा जोडावा?
४. आपल्या शाळेपासून जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागापर्यंत जाण्यास किती वेळ व किती खर्च येतो? तो विभाग कोणत्या वारी उघडा असतो? ही माहिती काढून शाळेच्या भिंतीवर लावा.